छपराची लांबी

लक्ष्मीपुरीत, धान्याच्या आडतीमागं,
मगदूम अण्णांच्या छापखान्यात मी अक्षरं जुळवतो.
(बाईच आहे मी. कोल्हापुरात आम्ही असंच बोलतो.)
एप्रिलात पत्रिका, गणपतीत पावतीपुस्तकं,
आणि सहामाहीच्या आधी
नेर्लेकर सरांचा नववीचा बीजगणिताचा पेपर.

सरांचं अक्षर म्हणजे शाईत बुडून चाललेली मुंगी.
घातांक घसरलेला, छेद कुणाचा ते कळेना,
हे उणे आहे की कागदाचीच रेघ?
मी फोन करायचो,
"सर, हा दोन एक्सच्या डोक्यावर की शेजारी?"
सर राधानगरीच्या एसटीत उभे, तिथून ओरडायचे,
"डोक्यावर! डोक्यावर!"
आख्खी एसटी ऐकायची.

एकदा चहा गार करत त्यांनी मला शिकवलं
बहुपदी कशी ओळखायची.
"एक्सच्या डोक्यावर काय आहे तेवढं बघा, रुक्सानाताई.
एक, दोन, तीन, शून्य, काहीही चालेल.
उणे नको. अर्धा नको.
एक्स छेदात उतरला, संपलं.
एक्स मुळाच्या छपराखाली शिरला, संपलं.
आकडा मात्र छपराखाली खुशाल राहू दे,
आकड्याला आपण काही विचारत नाही."
"आणि नुसता पाच?"
"बहुपदीच."
"एकटा?"
"एकटा. नावात बहु आहे म्हणून काय झालं?"
"शून्य?"
"तोही. फक्त त्याची कोटी विचारायची नाही."
हे मला फार आवडलं.
का, ते सरांना सांगितलं नाही.

त्या सहामाहीला प्रश्न दुसरा, उपप्रश्न क:
वर्गमूळ दोन, बाहेर एक्स, अधिक पाच.
बहुपदी आहे का? कारण लिहा.
रात्री साडेदहा, लाईट जाऊन आलेली,
माझ्या माऊसनं छप्पर ओढलं
एक अक्षर जास्त.
बाहेर उभा असलेला एक्स
आत आला.
प्रूफ मी वाचलं, अण्णांनी वाचलं, सरांनी वाचलं.
तिघांनीही
तिथं असायला हवं होतं तेच वाचलं.

दोनशे चाळीस पोरं.
काहींनी प्रश्न सोडून दिला,
बाकीच्यांनी लिहिलं, आहे, कोटी एक.
गाईडात तसंच होतं.

सर भर दुपारी आले, हेल्मेट न काढता
एक उत्तरपत्रिका काउंटरवर ठेवली.
कळंब्याची सुनयना खोराटे. जाड शाईपेन.
'नाही. छप्पर पाचवर नाही पण एक्सवर आहे,
म्हणून एक्सचा घातांक एक छेद दोन.'
आणि खाली, तपासणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून,
तीच राशी पुन्हा लिहिलेली,
दोन एक्सभोवती कंस घालून.
कंस असे गोल, नीट,
जसं कुणी ओंजळीत पाणी धरावं.

मी म्हटलं, सर, चूक माझी.
सर बराच वेळ कागदच बघत होते.
मग म्हणाले, "चूक मुळातच होती,"
आणि स्वतःच्याच कोटीवर एकटे हसले.
मार्क सगळ्यांना दिले त्यांनी.
"पण ह्या पोरीचे दोन वेगळे," म्हणाले,
"आकडा तोच असला तरी."

तेव्हापासून माझा हात वळत नाही कंसाशिवाय.
परवा गंगावेशीतला एक दूधवाला आला,
पाटी करायची होती: ताजं दूध व दही.
मी विचारलं, ताजं नुसतं दुधावर आहे
की दह्यापर्यंत जातं?
तो माझ्याकडं बघतच राहिला.
"ताई, पाटी छापताय की दही लावताय?"
मी म्हटलं, सांगा की.
त्यानं डोकं खाजवलं.
विचार केला.
"दूध ताजं," म्हणाला, जरा हळूच.
"दही कालचं."